तीन बटणांचं एक बटण: द्राक्ष सल्ल्याच्या अ‍ॅपमधल्या ‘जतन’च्या दुरुस्तीच्या नोंदी

१० जून

अ‍ॅप द्राक्ष बागायतदारांसाठी आहे. छाटणीपासून काढणीपर्यंतचा सल्ला, फवारणीचे तक्ते, हवामान, प्रश्नोत्तरं. ऑफिस नाशिकला कॉलेज रोडवर, माणसं तीन (व्यवस्थापन वेगळं): अँड्रॉइड आणि सर्व्हर माझ्याकडे, दिसणं-बिसणं आमच्या डिझायनरकडे, आणि मजकूर कृषी पदवी झालेल्या एका सहकारिणीकडे.

पुन्हा लागेल असा लेख बाजूला ठेवायच्या आमच्या अ‍ॅपमध्ये आज तीन सोयी आहेत. लेखाखाली बदाम (हृदयाचं चिन्ह) आहे, वरच्या पट्टीत रिबीन आहे, आणि तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘यादीत घाला’ आहे. बदाम पहिल्यापासून होता. मग कुणीतरी म्हणालं वाचनखूण हवी, म्हणून रिबीन आली. मग एका मोठ्या बागायतदारानं सांगितलं की प्लॉटनुसार वेगळं ठेवता यायला हवं, म्हणून याद्या आल्या. प्रत्येक वेळी जुनं काढायची हिंमत कुणी केली नाही. तिन्हींचे डेटाबेसमधले टेबल वेगळे, तिन्हींचे पडदे वेगळे. ‘मी ठेवलेला लेख सापडत नाही’ ही तक्रार फोनवर सतत येते, आणि आम्हालाच आधी विचारावं लागतं, ‘दादा, कुठलं बटण दाबलं होतं?’

काम मुख्य छाटणीच्या आत, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आधी उरकायचं आहे. ऑक्टोबरात बागेत कामाची झुंबड असते, तेव्हा कुणाला नवीन पडदा दाखवायला गेलो तर जोड्यानं मारतील.

१५ जून

पालखेड, पिंपळगाव बसवंत आणि मोहाडीला जाऊन आलो. प्रश्नावली नेली नव्हती. एकच गोष्ट सांगायची ठरली होती: ‘मागे वाचलेला आणि कामाचा वाटलेला एखादा लेख काढून दाखवा.’

बहुतेकांनी आमचं अ‍ॅप उघडलंच नाही. गॅलरी उघडली. स्क्रीनशॉट! लग्नाचे फोटो, ट्रॅक्टरचं इन्शुरन्स, मध्येच आमचा फवारणीचा तक्ता, पुन्हा नातवाचा वाढदिवस. पिंपळगावच्या एका काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेली रांग दाखवली, तीसुद्धा वरपासून खालपर्यंत आमच्याच लेखांच्या लिंकांची.

याद्या वापरणारे थोडे होते. त्यांच्या याद्यांची नावं: ‘नवीन यादी’, ‘नवीन यादी १’, ‘नवीन यादी २’. नाव द्यायची खिडकी आली की जे आपोआप भरलेलं असतं त्यावरच ‘ठीक’ दाबायचं. मोहाडीच्या बागेत एक जण वाचता वाचता ‘यादीत घाला’ला गेला, कुठल्या यादीत असं विचारल्यावर क्षणभर थांबला, आणि मागे येऊन स्क्रीनशॉट काढला. ते बघितल्यावर मला पुढचं विचारायची गरज उरली नाही. ठेवायच्या वेळी माणसाच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कात्री असते. त्या वेळी त्याला वर्गवारी विचारणं म्हणजे बस सुटताना तिकिटावर पत्ता लिहून मागणं.

दुसरी लक्षात आलेली गोष्ट जास्त कामाची आहे. स्क्रीनशॉट लेखाचा नसतो, लेखातल्या एका तक्त्याचा असतो. आमचा लेख मोबाइलवर लांबलचक, आणि पाहिजे तो तक्ता मधोमध. रिबीन दाबून ठेवलेला लेख पुन्हा उघडला की तो वरून सुरू होतो आणि माणूस बोट घासत बसतो. स्क्रीनशॉट थेट तक्त्यावर उघडतो. म्हणजे आमची सोय स्क्रीनशॉटपेक्षा खरोखरच वाईट आहे.

२१ जून

ठरलं ते असं. बटण एक. दाबलं की ठेवलं, काहीही विचारायचं नाही. ठेवलेल्यांचा पडदा एक. याद्या बंद. लेख उघडेल तो ठेवताना वाचक जिथे होता तिथेच.

भांडण बदामावर झालं. डिझायनर म्हणते बदाम ठेवा, सगळ्यांना कळतो. मी म्हणतो बदाम दाबणाऱ्यांपैकी कोण ‘छान’ म्हणतोय आणि कोण ‘पुन्हा लागेल’ म्हणतोय ते सांगता येत नाही. मजकुरवालीला बदामाचा आकडा हवा होता, कुठला लेख चालला ते कळायला.

ट्विटरचं उदाहरण मी काढलं. तिथे चांदणी होती, ‘फेव्हरिट’. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी चांदणीच्या जागी बदाम आणला आणि नाव ‘लाइक’ केलं. चांदणीचा उपयोग अनेक जण फक्त नंतर वाचायला लिंक ठेवण्यासाठी करत होते. बदामानं ते ठेवणं म्हणजे चारचौघांत दाद देणं झालं. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना ‘बुकमार्क’ वेगळं आणावंच लागलं, तेही खाजगी. दाद देणं आणि ठेवणं एकाच बटणावर बसवलं की काय होतं ते तिथे झालंय.

आमच्याकडे दाद देण्याची गरज मुळात कुणाला आहे? ‘भुरीवर उपाय’ या लेखाला बदाम देऊन बागायतदाराला काय मिळतं? बदाम गेला. मजकुरवालीला सांगितलं की किती जणांनी ठेवला हा आकडा बदामापेक्षा खरा असेल. तिला पटलं नाही, पण ‘बघू’ म्हणाली.

२८ जून

आधी टेबल. नवीन टेबलात वापरकर्ता, लेख, परिच्छेद, ठेवल्याची वेळ, काढलं का, आणि सर्व्हरचा क्रमांक. वापरकर्ता आणि लेख मिळून प्राथमिक किल्ली, म्हणजे एकच लेख दोनदा बसणं शक्यच नाही. जुन्या रिबिनीच्या टेबलात आपोआप वाढणारा आयडी ही किल्ली होती आणि तेच लेख पाच-पाचदा बसलेले सापडले.

काढलेली ओळ पुसायची नाही, ‘काढलं’ अशी खूण करून ठेवायची. पुसली तर दुसऱ्या फोनला कळत नाही की ती काढलीये की अजून पोचायचीये, आणि काढलेला लेख भुतासारखा परत येतो. आमच्याकडे बाप-लेक एकाच नंबरानं दोन फोनवर चालवतात, हे फार घरांत आहे.

६ जुलै

यात बरेच दिवस गेले, पण लिहून ठेवण्यासारखं आहे. तक्रार अशी होती की लेख ठेवला की कधी कधी थोड्या वेळानं तो आपोआप निघून जातो. ऑफिसच्या वायफायवर कधीच होत नाही.

कारण जुन्या एपीआयमध्ये, म्हणजे फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या ठरलेल्या भाषेत होतं. बटण दाबलं की अ‍ॅप सर्व्हरला सांगायचं, ‘उलट कर’. ठेवलेलं असेल तर काढ, नसेल तर ठेव. बागेत मांडवाखाली रेंज येते-जाते. अ‍ॅपनं ‘उलट कर’ पाठवलं, सर्व्हरनं केलं, पण उत्तर परत येताना रेंज गेली. अ‍ॅपला वाटलं पोचलंच नाही. पुन्हा ‘उलट कर’. सर्व्हरनं निमूट काढून टाकलं. दोघांचंही वागणं बरोबर, आणि लेख गायब.

आता दोन वेगळे हुकूम आहेत: ‘ठेव’ म्हणजे पुट, ‘काढ’ म्हणजे डिलीट. ‘ठेव’ दहादा पोचलं तरी परिणाम एकच. सर्व्हरला पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, तिथे ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ लावलं की दुसऱ्यांदा आलेली ओळ आपटत नाही, तीच ओळ पुन्हा ‘ठेवलेलं’ होते. पडद्यावर बटण लगेच भरलेलं दाखवायचं, हुकूम फोनमधल्या रांगेत टाकायचा, आणि नेटवर्क असेल तेव्हाच चालेल या अटीवर अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरला (मागे राहून कामं उरकणाऱ्या सोयीला) द्यायचा. त्याच लेखाचा नवा हुकूम आला की रांगेतला जुना बदलायचा, म्हणजे पाच वेळा चाळा केला तरी जातो एकच.

ताजं कुठलं हे आधी फोनच्या घड्याळावरून ठरवत होतो. एका जुन्या फोनची तारीखच मागे होती, त्यामुळे त्याचं ‘काढ’ कायम शिळं ठरायचं आणि लेख काही केल्या निघायचा नाही. आता सर्व्हर प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो आणि तोच खरा. फोनवरची वेळ फक्त यादीत तारीख दाखवायला.

एमजी रोडवरून एक जुना, कमी मेमरीचा अँड्रॉइड फोन घेतला, साडेतीन हजार गेले. या अख्ख्या कामात सर्वांत वसूल झालेला खर्च हाच. नव्या फोनवर यातलं अर्धंही दिसलं नसतं.

१३ जुलै

‘होता तिथेच उघड’ हे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. पहिल्यांदा पडदा किती खाली सरकलाय तो पिक्सेलचा आकडा साठवला. माझ्या फोनवर झकास. ज्यांनी अक्षरं मोठी केली आहेत त्यांच्या फोनवर तक्त्याऐवजी तिसराच परिच्छेद. आणि आमचे वाचक पन्नाशीच्या पुढचे असले की अक्षरं मोठीच असतात. लेखात वर एक फोटो वाढवला तरी सगळं खाली ढकललं जायचं.

म्हणून आता लेखाच्या प्रत्येक परिच्छेदाला आणि तक्त्याला कायमची ओळख दिली आहे आणि ठेवताना पडद्यावर सर्वांत जास्त जागा व्यापलेल्याची ओळख साठवतो. तो परिच्छेद पुढे उडवला गेला तर त्याच्या वरचं शीर्षक, तेही नसेल तर लेखाची सुरुवात. जुन्या लेखांना ओळखी देण्याचं काम मजकुरवालीनं आणि मी बसून केलं. कंटाळवाणं काम, पण याशिवाय स्क्रीनशॉटची बरोबरी होत नाही.

यादीत लेखाच्या नावाखाली त्या तक्त्याची पहिली ओळही दाखवतो. सारखी नावं असलेले लेख पुष्कळ, ‘फळछाटणीनंतरचं नियोजन’ नावाचेच किती आहेत देव जाणे.

१९ जुलै

रेंज नसताना ठेवलेलं उघडलं पाहिजे, म्हणून ठेवलेल्या लेखाची प्रत फोनमध्ये ठेवायला लागलो. इथे मजकुरवालीनं अडवलं, आणि बरं झालं अडवलं.

निर्यातीच्या द्राक्षाला औषधांची मान्य यादी लागते. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ती काढतं, बागायतदार तिला अनेक्शर पाच म्हणून ओळखतात. कुठलं औषध, किती प्रमाणात, आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, हे त्यात असतं. ती वेळोवेळी सुधारली जाते. गेल्या हंगामात ठेवलेला तक्ता यंदा तसाच उघडला आणि मधल्या काळात ते दिवस वाढले असले तर? कंटेनर परत येऊ शकतो.

स्क्रीनशॉटचा खरा धोका तोच आहे, तो कधीच बदलत नाही. तिथे आपण त्याच्यापेक्षा चांगले ठरू शकतो हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

केलं ते असं. फोनमधल्या प्रतीबरोबर लेखाची आवृत्ती साठवतो. रेंज आली की ठेवलेल्या सगळ्यांच्या फक्त आवृत्त्या विचारतो, मजकूर नाही, म्हणजे डेटा नगण्य. बदललेलं असेल तेवढंच आणतो आणि यादीत त्या ओळीवर ‘बदललंय’ अशी पिवळी पट्टी. औषधांच्या तक्त्यांना आणखी एक: बरेच दिवस तपासणी झालेली नसेल तर तक्त्याच्या वरच ‘शेवटची तपासणी अमुक तारखेला’. तक्ता झाकायचा का, यावर चर्चा झाली. झाकला नाही. झाकला की माणूस पुन्हा गॅलरीत जाईल आणि तिथे तर तारीखही नाही.

२६ जुलै

मायग्रेशन. जुन्या तीन टेबलांतून नव्या एका टेबलात. जुन्या फोनवर बिल्ड टाकला, अ‍ॅप उघडलं, यादी रिकामी. ना क्रॅश, ना एरर.

फोनमधला डेटाबेस सांभाळणारी रूम ही अँड्रॉइडची लायब्ररी आम्ही वापरतो. तिच्यात ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ नावाची ओळ असते. मायग्रेशन सापडलं नाही तर रूम सगळे टेबल पुसून नव्यानं बनवतं. सुरुवातीच्या काळात टेबल रोज बदलत होते तेव्हा ती ओळ टाकली गेली आणि तशीच राहिली. मी डेटाबेसच्या आवृत्ती पाचवरून सहाला मायग्रेशन लिहिलं होतं, त्या फोनवर चार होती. चारवरून पाचचं कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून रूमनं शांतपणे झाडू मारला.

तुमच्या अ‍ॅपमध्ये ही ओळ असेल तर आज काढा. नसताना अ‍ॅप पडेल, पण पडलेलं दिसतं तरी. शिवाय स्कीमा (टेबलांची रचना) फाइलीत उतरवणं बंद होतं, त्यामुळे जुन्या आवृत्तीत टेबल नक्की कसा होता ते गिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासात खणून काढावं लागलं. आता प्रत्येक आवृत्तीची फाइल कोडबरोबर जाते आणि प्रत्येक जुन्या आवृत्तीवरून चाचणी चालते.

२ ऑगस्ट

सटाण्याकडच्या काही मंडळींना चाचणीचा बिल्ड दिला. कसमादे पट्ट्यात अर्ली छाटणी असते, त्यामुळे बाकी जिल्हा मोकळा असताना यांची लगबग चालू असते. खरी परीक्षा.

दुसऱ्याच दिवशी फोन: ‘भाऊ, हे काय कचरा आणून ओतला?’

मायग्रेशनमध्ये बदाम, रिबीन आणि याद्या तिन्ही एकत्र केले होते. कुणाचं काही हरवू नये हा विचार. पण बदाम लोकांनी सढळ हातानं वाटलेले होते. पोळ्याच्या शुभेच्छांच्या पोस्टला, बक्षीस मिळालेल्या बैलजोडीला, आमच्याच संक्रांतीच्या तिळगुळाला. ते सगळं आता फवारणीच्या तक्त्यांच्या डोक्यावर येऊन बसलं होतं.

रिबीन आणि याद्यांतलं नव्या यादीत. बदामवालं यादीच्या अगदी तळाशी ‘पूर्वी आवडलेलं’ या बंद कप्प्यात, तिथून हवं ते एका टॅपनं वर आणता येतं. ज्यांच्याकडे फक्त बदाम होते, रिबीन कधीच दाबली नाही, त्यांना तो कप्पा उघडाच दाखवतो. त्यांच्यासाठी बदाम हेच ठेवणं होतं. हा फरक डिझायनरला सुचला.

यादीची नावं फेकली नाहीत. ‘थॉम्पसन’, ‘खालचा प्लॉट’ अशी खरोखर लिहिलेली नावं लेखाखाली बारीक अक्षरांत राहतात आणि शोधात सापडतात. ‘नवीन यादी २’ गेली.

४ ऑगस्ट

काम नाही. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवलाय, गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडत चाललाय, डिझायनर पंचवटीत अडकली.

११ ऑगस्ट

शोध. अख्खा आठवडा यात गेला, आणि मराठीत अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

फोनमधल्या शोधासाठी एसक्यूलाइट या डेटाबेसची एफटीएस४ ही मजकूर शोधायची सोय वापरतोय. त्यात शब्द तोडायची जबाबदारी टोकनायझरची. आपोआप मिळतो तो ‘सिंपल’. नाव ऐकून वाटलं हा इंग्रजीपुरता असेल, म्हणून ‘युनिकोड६१’ लावला. युनिकोड म्हटल्यावर देवनागरीला तोच हवा, नाही का?

‘भुरी’ शोधलं. पहिला लेख आला: ‘काळ्या भारी जमिनीत निचरा’.

डोकं खाजवलं. युनिकोड६१ फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग धरतो. आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार हे युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. म्हणून तो त्यांना मोकळी जागा समजतो आणि तिथे शब्द तोडतो. ‘भुरी’चे होतात ‘भ’ आणि ‘र’. ‘भारी’चेही होतात ‘भ’ आणि ‘र’. त्याच्या दृष्टीनं भुरी आणि भारी एकच! उकार-वेलांटी काढून टाकल्यावर मराठीत उरतं काय, हे कुणी तरी त्याला सांगायला हवं.

आणि साधा ‘सिंपल’? तो १२७ च्या वरचं प्रत्येक चिन्ह शब्दाचा भाग धरतो. म्हणजे मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं जसंच्या तसं. तो परत लावला, भुरी सापडली. नुसती ओळ बदलून भागत नाही, शोधाचा टेबल नव्यानं भरावा लागतो, तेव्हा मायग्रेशन आणखी एक वाढलं.

प्रत्यय उरलेच. ‘भुरीवर’, ‘भुरीचा’ हे वेगळे शब्द ठरतात, म्हणून शोधाच्या शब्दाच्या शेवटी चांदणी (*) जोडून सुरुवात जुळवतो. ‘घड’ शोधलं की ‘घड्याळ’पासून ‘घडलं’पर्यंत सगळं येतं, पण ठेवलेल्या यादीत ओळी असतात किती, चालतं. डाऊनी, डावणी, डाउनी, केवडा ही चारही एकाच रोगाची नावं, यासाठी मजकुरवालीनं हातानं एक छोटा तक्ता केला. बागायतदार बोलतात ते शब्द तिला माहीत आहेत, मला नाहीत.

२० ऑगस्ट

काढणं. जुन्या पडद्यावर ‘खरंच काढायचं का?’ अशी खिडकी होती. सगळे न वाचता ‘हो’ दाबतात, तेव्हा तिनं वाचवलं कुणालाच नाही. ती काढून खाली ‘परत ठेवा’ची पट्टी आणली. अँड्रॉइडची लांब म्हणवणारी पट्टीही पावणेतीन सेकंदांत जाते. चष्मा शोधेपर्यंत संपली.

त्यापेक्षा साधं सुचलं. ठेवलेल्यांच्या यादीत बटण दाबून काढलं की ओळ तिथेच राहते, फक्त बटण पोकळ होतं. चुकून दाबलं तर तेच बटण पुन्हा दाबा. पडदा सोडून गेलात आणि परत आलात की ओळ गेलेली असते. ओळ लगेच नाहीशी होऊन खालची वर सरकते तेव्हा दुसरा टॅप भलत्याच लेखावर पडायचा, तोही प्रकार थांबला.

२७ ऑगस्ट

बटण दिसतं कसं. पोकळ रिबीन आणि भरलेली रिबीन हा फरक ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली लख्ख, उन्हात शून्य. ओझरजवळ भर दुपारी बागेत उभं राहून बघितलं तर दोन्ही सारखेच राखाडी. रंग बदलून भागलं नाही. आता चिन्हाशेजारी शब्द आहे, आणि ठेवल्यावर पूर्ण बटणाची पार्श्वभूमी गडद होते.

चिन्ह २४ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), पण बोट लागायची जागा ४८ डीपी हवी, तेवढी गुगलचीही शिफारस आहे. वरच्या पट्टीतून बटण खाली उजवीकडे आणलं. मोठ्या फोनवर एका हाताच्या अंगठ्याला वरची पट्टी पोचतच नाही. तिथे जाहिरातीची पट्टी होती, ती हलवावी लागली, आणि जाहिरातदाराशी बोलणं डिझायनरच्या गळ्यात पडलं.

टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू करून ऐकलं. बटण ‘ठेवा, बटण’ म्हणायचं आणि ठेवल्यावरही ‘ठेवा, बटण’च. स्थिती वेगळी सांगायची सोय अँड्रॉइड ११ पासून आहे, त्याआधीच्या फोनसाठी वर्णनच बदलतो.

५ सप्टेंबर

फोन बदलला की ठेवलेलं जातं, ही जुनी तक्रार. अँड्रॉइड ६ पासून आपोआप बॅकअप मिळतो, अ‍ॅपला २५ एमबीपर्यंत. लेखांच्या प्रती आणि फोटो धरून आम्ही ती मर्यादा सहज ओलांडत होतो, आणि ओलांडली की बॅकअप होतच नाही. प्रती ‘नो बॅकअप’ फोल्डरात हलवल्या, डेटाबेस तेवढा बॅकअपमध्ये.

तरी एका काकांच्या नव्या फोनवर काहीच आलं नाही. हा बॅकअप फोन निवांत पडलेला असताना आणि, वेगळं सांगितलं नसेल तर, वायफायवर असतानाच होतो. वाडीवर वायफाय कुठलं? तेव्हा या बॅकअपवर विसंबायचं नाही. ज्यानं नंबर टाकून प्रवेश केलाय त्याचं सर्व्हरवरून येतं, बाकीच्यांना पहिला लेख ठेवल्यावर एकदाच यादीच्या माथ्यावर एक ओळ दाखवतो: नंबर टाकलात तर नव्या फोनवरही मिळेल. ठेवताना आडवी खिडकी नाही म्हणजे नाही. व्यवस्थापकीय बाजूनं ‘तिथेच नंबर मागा ना, लोक देतील’ असा आग्रह झाला होता. देतील, आणि पुढच्या वेळी स्क्रीनशॉट काढतील.

१३ सप्टेंबर

प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्यानं सोडलं, सुरुवातीला अगदी थोड्या टक्क्यांना. टप्पा थांबवता येतो, पण ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही. पुढचा मोठा आवृत्ती क्रमांक काढूनच दुरुस्ती करावी लागते. म्हणून जुने तीन टेबल फोनमधून अजून पुसलेले नाहीत, नुसते वापरातून काढलेत. एक-दोन आवृत्त्यांनी पुसू.

याचा उपयोग लगेच झाला. फार मोठ्या याद्या असलेल्या फोनवर मायग्रेशन मुख्य धाग्यावर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या कामाच्याच रांगेत चालत होतं आणि अ‍ॅप उघडताना अडकायचं. टप्पा थांबवला, ते काम पार्श्वभूमीवर नेलं, तोवर जुनंच वाचून दाखवलं, नवीन क्रमांकानं पुन्हा सोडलं.

२९ सप्टेंबर

सगळीकडे पोचलं. निफाड-दिंडोरीकडे छाटण्या सुरू झाल्या आहेत.

यादी आधी ठेवल्याच्या तारखेनं लावली होती. आता ज्यांनी छाटणीची तारीख टाकली आहे त्यांची यादी छाटणीनंतरच्या दिवसानं लागते. बागायतदार तारखेनं बोलतच नाही, ‘बाविसावा दिवस चालू आहे’ म्हणतो. लेखावर तो कुठल्या दिवसांसाठी आहे ते मजकुरवालीनं आधीच नोंदवलेलं होतं, फक्त कुणी वापरलेलं नव्हतं. आजच्या दिवसाला लागणारं ठेवलेलं वर येतं. ज्यासाठी लोक याद्या बनवू पाहत होते ते बरंचसं यातच झालं. ज्यानं प्लॉटनुसार याद्या मागितल्या होत्या त्या बागायतदाराचे तीन प्लॉट, तीन छाटण्या. त्याला यादीच्या वर प्लॉट निवडायची पट्टी पुरली. अजूनही थोडा नाराज आहे, त्याला लेख स्वतः ओढून वरखाली करायचे होते. ते करणार नाही.

मजकुरवालीला आकडा मिळाला. सर्वांत जास्त ठेवले गेलेले लेख हे सर्वांत जास्त बदाम मिळालेले नाहीत. बदामांत सण आणि यशोगाथा वर होत्या. ठेवलेल्यांत रुक्ष तक्ते. यशोगाथा कमी करायच्या का, यावर तिचं आणि व्यवस्थापनाचं चालू आहे.

राहिलेलं: बाप-लेक एकाच नंबरावर असताना लेकानं काढलेला लेख बापाच्याही यादीतून जातो. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, घरात भांडण. काढलेलं महिनाभर तळाशी दाखवायचं ठरलंय, ओळी पुसत नसल्यामुळे फार काम नाही. दुसरं, स्क्रीनशॉट काढणारे अजून काढतातच. तक्त्यावर अ‍ॅपचं नाव आणि तपासणीची तारीख कोपऱ्यात छापायला सुरुवात केली आहे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तरी कधीचा आहे ते कळेल. कोड अजून वेगळ्या शाखेत आहे, बाकीच्या तक्त्यांवर लावायचा आहे.